उजेडाकडे तोंड करून

मी बोटभर उंचीची माणसं रंगवतो. हे काम मला कोणी शिकवलेलं नाही. नोकरीत असताना मी लिफ्ट दुरुस्त करायचो. एकदा एका इमारतीतली अडकलेली लिफ्ट सुरू करून दिली, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या खेळांच्या दुकानदाराने मला चहा पाजला आणि करड्या प्लास्टिकचा एक शिपाई हातावर ठेवला. पटावर मांडून खेळायच्या काही खेळांत सोंगट्यांच्या जागी अशी माणसं असतात. ती बिनरंगाचीच मिळतात, हौस असेल त्याने रंगवावीत. मी तो शिपाई घरी आणला आणि बायकोच्या नेलपॉलिशने त्याचा अंगरखा लाल केला. तिने चष्मा कपाळावर चढवून त्याला डोळ्यांजवळ धरला.

"अंगरखा झकास," ती म्हणाली. "माणसाला मात्र कांजिण्या आल्यात."

तेव्हापासून ती माझी परीक्षक झाली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, त्यामुळे डोळ्यांच्या बाबतीत तिच्यापुढे माझं काही चालायचं नाही. या माणसांचे डोळे म्हणजे रंगाचा एकेक ठिपका. कुंचल्याचा एक केस इकडचा तिकडे झाला की माणूस बिघडतो. "हा चकणा झालाय," ती सांगायची. किंवा, "हा कुठे बघतोय ते त्याला तरी माहीत आहे का?" मी पुसायचो आणि परत काढायचो. हळूहळू हात बसला. पाण्यासारख्या पातळ रंगाचे थरावर थर कसे द्यायचे, आधी अस्तर कोणतं मारायचं, औषधाच्या बाटलीच्या बुचावर माणूस चिकटवला की हात कसा कापत नाही, हे सगळं चुकतमाकत जमलं.

मग फोटो आले. आमच्यासारख्या हौशी लोकांचा इंटरनेटवर एक गट आहे. तिथे जो तो आपलं काम दाखवतो, आणि बोटभर माणसाचा धड फोटो काढणं हे त्याला रंगवण्याइतकंच अवघड असतं. मी जुना कॅमेरा घेतला, एक बुटका स्टँड घेतला आणि मागे लावायला करडा पुठ्ठा वाकवून बसवला. दिवे लावून फोटो काढायचा प्रयत्न केला तेव्हा ती म्हणालीच, "काय दिवे लावलेत ते दिसतंय." माणसं तेलकट दिसत होती. मग मी खिडकीच्या उजेडावर आलो आणि तिथेच राहिलो.

आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल दोघांपुरतंच आहे. मी लांब बाजूला बसतो. डाव्या हाताला खिडकी, उजव्या हाताला टेबलाचं दुसरं टोक, तिथे तिची खुर्ची. सकाळी समोरच्या इमारतीच्या भिंतीवर ऊन पडतं आणि त्याचा मऊ उजेड आमच्या खिडकीतून आत येतो. तेवढाच वेळ माझ्या कामाचा. तिचं दुकान उशिरा उघडायचं, त्यामुळे तोच वेळ तिच्या पेपरचा. ती पेपर घडी घालून वाचणारी नव्हती. दोन्ही हात लांब करून पूर्ण उघडायची, आणि पेपरच्या पलीकडून फक्त आवाज यायचा.

"ऐकलंत का, नळदुरुस्तीवाल्याला म्हणे घराच्या भिंतीत बरणीभर जुनी नाणी सापडली."

"हलू नकोस. टेबल हलतं."

"पान तरी उलटू का?"

"एक मिनिट."

"तुमचं मिनिट संपेपर्यंत पेपर शिळा होतो."

पण थांबायची. मी बटण दाबलं, कॅमेऱ्याचा आवाज झाला, की पलीकडे पान उलटल्याची सळसळ व्हायची. असं कित्येक वर्षं चाललं.

गटात माझं थोडंफार नाव झालं ते सावल्यांमुळे. बाकीच्यांच्या माणसांची उजेडाविरुद्धची बाजू काळी ठिक्कर पडायची. माझ्या माणसांच्या सावलीच्या बाजूलाही गाल दिसायचा, अंगरख्याच्या चुण्या दिसायच्या, आणि सगळ्याला एक ऊब असायची. लोक विचारायचे, काका, हे कसं करता? मी सांगायचो, सावलीच्या रंगात चिमूटभर विटकरी मिसळतो. खेळांच्या त्या दुकानदाराने एकदा मला बोलावून 'ऊबदार सावल्या' या विषयावर बोलायला लावलं. मी बोललो. लोकांनी लिहून घेतलं. ती मागच्या रांगेत बसली होती. घरी येताना म्हणाली, "विटकरीचे कारखाने निघतील आता."

मागच्या हिवाळ्यात ती गेली. फार दिवस अंथरुणाला खिळली नाही, एवढंच त्यातलं बरं. माणसं आली, गेली. मी पेपर बंद केला. वाचणारी ती होती. मला बातम्या तिच्या तोंडून कळायच्या, आणि त्या तशाच बऱ्या वाटायच्या.

ती असतानाच एक काम हाती आलं होतं. एक बाई स्वतःच्या डोक्याने खेळ बनवतात आणि थोड्या थोड्या प्रती काढून विकतात. त्यांच्या नव्या खेळात नदीला पूर आलेला असतो, एकच होडी असते आणि काठावर अडकलेली माणसं पलीकडे न्यायची असतात. नावाडी, लोहार, चोर, सैन्यातून पळालेला शिपाई, शेळीवाली आणि सुईण. ही माणसं मी रंगवायची, फोटो काढायचे, आणि ते फोटो खेळाच्या खोक्यावर छापले जाणार. माझं काम याआधी कधी छापलं गेलं नव्हतं. ते ऐकून माझ्यापेक्षा तिलाच जास्त आनंद झाला. शेजारच्या दारी जाऊन सांगून आली.

त्यातली सुईण तेवढी ती असताना पूर्ण झाली. कमरेवर हात ठेवलेली, डोक्याला फडकं बांधलेली बाई. बायकोने ती बराच वेळ पाहिली.

"ही माझ्या आत्यासारखी दिसते," ती म्हणाली. "आत्ता बोलेल बघा, गरम पाणी कुठाय म्हणून. हिला आता हात लावायचा नाही."

नंतर काही महिने मी रंगाची डबी उघडली नाही. मग खेळवाल्या बाईंचा फोन आला. घाई नाही म्हणाल्या, पण छापखान्याची तारीख ठरलीय तेही सांगितलं. मी बाकीची माणसं रंगवली. हात ठीक चालला. डोळे कसे झालेत हे विचारायला कोणी नव्हतं, म्हणून भिंगातून दोनदा पाहत होतो. सगळी झाल्यावर एका सकाळी नेहमीच्या वेळी टेबलावर पुठ्ठा लावला आणि फोटो काढले.

फोटो वाईट आले. थोडेबहुत नाही, वाईटच. प्रत्येक माणसाची उजवी बाजू खाल्ल्यासारखी काळी. नावाड्याला अर्धंच तोंड. शेळीवालीची शेळी तर पुढून शेळी आणि मागून कोळसा. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढले. तेच. कॅमेऱ्याचे आकडे तेच, पुठ्ठा तोच, खिडकी तीच, वेळ तीच. आकडे वाढवून पाहिले तर डावी बाजू पांढरीफटक झाली. या सगळ्यात बदललेलं काय असेल तर मी, असं मला वाटलं. हात चालतोय पण नजर गेली, ऊब गेली. आणि त्याचं कारण इतकं सरळ दिसत होतं की मी पुढे शोधलंच नाही.

खेळवाल्या बाईंना फोटो पाठवले. त्यांनी फोन केला.

"काका, रंगकाम छानच आहे," त्या म्हणाल्या. "फक्त तुमच्या आधीच्या फोटोंसारखं वाटत नाही. मी ते पाहूनच तुमच्याकडे आले होते ना."

"मला कळतंय."

"तुम्ही दगदग करून घेऊ नका. नाहीच जमलं तर खोक्यावर चित्र काढून घेऊ. चित्रकार आहे एक ओळखीचा. तुम्ही आधीच एवढं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. भली बाई.

मी म्हटलं, मला एक संधी द्या. मग मी जे केलं ते माझ्यासारखा अडाणी कारागीरच करू शकतो. फोटोत सावली काळी येते ना, मग माणसाचीच सावली उजळ करू. सगळ्यांच्या उजव्या बाजूवर मी विटकरी, मग फिकट विटकरी, मग जवळजवळ गुलाबी रंग चढवला. लोहार एका बाजूने भाजल्यासारखा दिसायला लागला. फोटोत थोडा फरक पडला, पण हातात घेऊन पाहिलं की माणसं भयंकर दिसत होती. ते माझं मलाच दिसत होतं, तरी मी थर देतच राहिलो. फक्त सुईणीला हात लावला नाही. तसं सांगून ठेवलेलं होतं.

त्या आठवड्यात मी ठरवून टाकलं, की हे शेवटचं. रविवारी एकदा फोटो काढायचे, नाही आले तर बाईंना चित्रकाराला बोलवायला सांगायचं आणि कुंचले दुकानदाराला देऊन टाकायचे. कोणी नवशिका वापरेल.

रविवारी सकाळी मेव्हणी आली. ही माझ्या बायकोची धाकटी बहीण. घरात सगळे तिला धाकटीच म्हणतात, आता तिला नातवंडं आहेत तरी. ताई गेल्यापासून ती अधूनमधून येते, डबा आणते, आणि तो मी खाल्ला की नाही हे पुढच्या वेळी तपासते. त्या दिवशी तिच्या काखेत पेपर होता.

"माझा मी घेऊन आले," ती म्हणाली. "तुम्ही बंद केलात ना. ताईने काय म्हटलं असतं?"

"मी वाचत नाही."

"वाचत नाही तर नका वाचू, माणसाला दारात पेपर पडलेला बरा वाटतो. निदान शेजाऱ्यांना कळतं की आत कोणीतरी आहे." तिने चहा ओतला आणि टेबलाच्या टोकाला त्या खुर्चीवर बसली. मला ते आवडलं नाही, पण घरात खुर्च्याच दोन. पुठ्ठ्यापुढे सुईण ठेवलेली होती, कारण उजेडाचं मोजमाप मी नेहमी तिच्यावरच करत होतो. मी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याकडे पाहत होतो. सुईणीचं अर्धं तोंड काळं होतं.

धाकटीने पेपर उघडला. बहिणीसारखाच, दोन्ही हात लांब करून.

पडद्यावर सुईणीचा गाल दिसायला लागला.

आधी गाल, मग कमरेवरचा हात, मग फडक्याची गाठ. मी कॅमेऱ्याला हात लावलेला नव्हता. मी मान वर करून पाहिलं, परत पडद्यावर पाहिलं.

"हलू नकोस," मी म्हटलं.

"आता मी काय केलं?"

"पेपर खाली कर."

तिने केला. गाल गेला.

"वर कर."

गाल आला.

"परत खाली."

"भावजी, तब्येत बरी आहे ना तुमची?"

"वर कर गं. आणि तसाच धर."

"चहा निवतोय माझा."

"निवू दे."

मी उठून तिच्यामागे गेलो आणि तिच्या डोक्यावरून टेबलाकडे पाहिलं. खिडकीतला उजेड टेबलावरून येऊन थेट पेपरच्या पाठीवर पडत होता, आणि पेपर तो उचलून माणसांच्या काळ्या बाजूवर टाकत होता. पेपरचा कागद पांढरा नसतो, किंचित पिवळट मळकट असतो. तीच ती ऊब. विटकरीचा त्यात काही संबंध नव्हता. मी तासभर भाषण दिलं होतं आणि लोकांनी लिहून घेतलं होतं, आणि ते सगळं त्या पेपरचं होतं, आणि पेपर धरणारी मागच्या रांगेत बसून ऐकत होती.

मी धाकटीला ते सांगितलं. तिला पुरतं समजलं नाही, पण ती हसली. "म्हणजे ताई तुमचा दिवा होती म्हणा ना," ती म्हणाली. मी पटापट फोटो काढायला लागलो. सुईण उत्तम आली. मग लोहार ठेवला, तर तो उजव्या बाजूला असा गुलाबी चमकायला लागला की धाकटीने पेपरवरून डोकावून विचारलं, याला पुरळ आलंय का. बाकी सगळ्यांचं तेच झालं. ज्यांची मी दुरुस्ती केली होती ती सगळी बिघडली होती, आणि जिला हात लावायचा नाही असं सांगितलं होतं ती एकटी शाबूत होती.

तेवढ्यात धाकटी कुरकुरायला लागली. "मला इथे वाचताच येत नाही. सगळं पान अंधारात आहे, आणि वर बघितलं की खिडकी डोळ्यांत जाते. ताई कशी वाचायची इथे?"

"तिला तिथून रस्ता दिसायचा. म्हणून बसायची."

"काहीतरीच. रस्ता बघायला ती कशाला बसेल? उजेड पाठीमागून घ्यायची सवय होती तिला. लहानपणापासून. आमच्याकडे खिडकीला पाठ करून बसायची, मला तिथे बसूच द्यायची नाही, त्यावरून भांडणं व्हायची. आणि दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच सांगायची. मला चष्मा लागला तेव्हा मलाही ऐकवलं. वाचताना उजेडाकडे तोंड करायचं नाही, उजेड खांद्यावरून आला पाहिजे."

मी खुर्चीत बसलो. ती म्हणाली ते खरं होतं. टेबल आणि खिडकी यांच्यामध्ये एक खुर्ची मावेल एवढी जागा आहे, आणि आधी बायकोची खुर्ची तिथेच असायची. मग मी कॅमेरा आणला. पहिल्याच सकाळी मी म्हटलं असेन, अगं, तुझी सावली पडतेय. एवढंच. आमचं भांडण झालेलं मला आठवत नाही, काही बोलणं झालेलंही आठवत नाही. तिने खुर्ची उचलली आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. त्यानंतर कधीतरी मी विचारलं होतं, तिथे बरं वाटतं का, तर म्हणाली, रस्ता दिसतो. आणि मग ती रोज सकाळी सावलीतलं पान वाचत राहिली, बातम्या मला मोठ्याने सांगत राहिली.

तिला आपल्या पेपरचा उजेड माहीत होता का, हे मला सांगता येणार नाही. बहुतेक नसावा, असता तर तिने त्यावरून मला आयुष्यभर चिडवलं असतं. पण आपण खिडकीतून उठलो आहोत हे तिला रोज माहीत होतं.

"रडताय का भावजी?" धाकटीने विचारलं.

"पेपर धरून हात दुखले असतील तुझे. ठेव खाली."

"मी विचारलं काय आणि तुम्ही सांगताय काय," ती म्हणाली, आणि चहा गरम करायला उठली.

सोमवारी मी खेळवाल्या बाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं. रंगकामात दोष नव्हता, फक्त समोर पेपर नव्हता. त्यांना मी तीनदा समजावलं तेव्हा त्या हसल्या, मग म्हणाल्या, "छापखान्याला मी थोपवते. तुम्ही सावकाश करा." सुईण सोडून सगळी माणसं मी रंग उतरवायच्या औषधात बुडवली. दात घासायच्या जुन्या ब्रशने घासून पुन्हा करड्या प्लास्टिकची केली, पुन्हा अस्तर मारलं. या वेळी सावलीला जेवढा रंग लागतो तेवढाच दिला. डोळे काढताना प्रत्येकाला मनातल्या मनात विचारलं, तू कुठे बघतोयस? नावाडी नदीकडे बघतो. चोर बाकीच्यांच्या गाठोड्यांकडे बघतो. शिपाई मागे बघतो.

पेपरवाल्याला सांगून पेपर पुन्हा सुरू केला. खुर्चीच्या पाठीला दोन चिमट्यांनी तो अडकवता येतो. शहाण्या माणसाने पांढरा पुठ्ठा लावला असता. मीही लावून पाहिला. सावली उजळली, पण दवाखान्यात बसवल्यासारखी सगळी फिकी दिसायला लागली. पेपरच बरा. कालचा नको, आजचा. कालचा घडी पडलेला असतो, आणि आजचा आता आधी मी वाचतो. भिंतीत नाणी वगैरे सापडल्याची बातमी असली की कापून ठेवतो आणि धाकटीला दाखवतो.

फोटो झाले. बाईंनी एकही परत पाठवला नाही. छापायला देण्याआधी त्यांनी विचारलं, खोक्याच्या खाली बारीक अक्षरांत कोणी काय केलं ते छापतो, तुमचं नाव कसं लिहू? मी सांगितलं, रंगकाम आणि फोटो, त्यापुढे माझं नाव. खाली वेगळी ओळ घाला. प्रकाश, आणि त्यापुढे माझ्या बायकोचं नाव.

"त्या फोटोग्राफीचं काही शिकल्या होत्या का?" बाईंनी विचारलं. त्यांना बहुधा काहीतरी विचारायचं होतं म्हणून विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "ती पेपर वाचायची."

खोकी छापून आली तेव्हा बाईंनी एक घरी पाठवलं. वर होडी, आणि होडीपुढे सुईण, कमरेवर हात ठेवून. रविवारी धाकटी आली तिला दाखवलं. तिने ते उलटं केलं आणि डोळे बारीक करून खालचं वाचायचा प्रयत्न केला.

"केवढं बारीक छापलंय ताईचं नाव."

"माझंही तेवढंच आहे."

"तुमचं राहू द्या. दिसत नाही मला इथे काही." ती टेबलाच्या त्याच टोकाला बसली होती, खिडकीकडे तोंड करून.

मी उठलो, पुठ्ठा आणि कॅमेरा बाजूला केला आणि माझी खुर्ची खिडकी आणि टेबल यांच्यातल्या जागेत नेऊन ठेवली.

"ये, इथे बस," मी म्हटलं. "आज फोटो काढायचे नाहीत."

ती खिडकीला पाठ करून बसली. उजेड तिच्या खांद्यावरून खोक्यावर पडला आणि तिने दोन्ही नावं मोठ्याने वाचली.